कुंदाचा शनिवार

कुंदा वैरागडे कुणाच्याही घरी गेली की आधी दारातल्या चपला बघायची. नमस्कार, पाणी, सोफ्यावर बसणं हे सगळं नंतर. वाकून बूट काढता काढता ती दारात किती जोड आहेत, लहान किती, मोठे किती, हे बघून घ्यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईची नजर चांगली नाही. मग कळलं, ते तिच्या कामातलंच होतं.

आमच्या घरी ती प्रथम आली ती माझ्या नातीसाठी, सायलीसाठी. त्याला दहा वर्षं झाली. सायली तेव्हा बारावीला होती. इथे अमेरिकेत कॉलेजला जायचं तर सरकारी मदतीसाठी एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. घरात माणसं किती, कमावतं कोण, सगळं त्यात विचारतात. कुंदा जवळच्याच एका कॉलेजात, मुलांना ही मदत मिळवून देणाऱ्या कचेरीत नोकरीला होती. माझ्या मुलाने, शिरीषने, कुणाच्या तरी ओळखीने तिला रविवारी चहाला बोलावलं. मी आत पोळ्या लाटत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"घरी माणसं किती?" तिने विचारलं.

"चार," शिरीष म्हणाला. "मी, बायको आणि दोन मुलं."

"अन् ती तपकिरी चप्पल कुणाची? अंगठा झिजलेली?"

"ती आईची."

"आई कुठं राहते?"

"इथंच. आठ वर्षं झाली."

"जेवते कुठं?"

शिरीष हसला. "इथंच जेवते ना."

"मग पाच लिहा ना बाप्पा. माणूस घरात जेवून राहिलं अन् कागदावर नाही, असं काऊन?"

शिरीषने मुद्दाम केलं नव्हतं. मोजताना मी त्याच्या मनातच आले नाही, एवढंच. मुद्दाम केलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं. मी तव्यावरची पोळी उलटली आणि ही बाई आहे तरी कशी ते बघायला बाहेर आले. बुटकी, पन्नाशीची, केस आखूड कापलेले आणि पांढरे तसेच ठेवलेले. अंगात सुती कुडता आणि पायात जाड लोकरी मोजे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची ओढली. "या काकू, तुम्ही पाचव्या. बसा." मी म्हटलं, "पोळी करपेल." ती म्हणाली, "मग ती खाऊन या." अशी आमची ओळख झाली.

कुंदा नागपूरची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. इथे आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनला, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडच्या मागे दोन खोल्यांत एकटी राहायची. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे त्या एका शनिवाराबद्दल लिहायला हवं. शेवटच्या वर्षात तिला दुसरी कसलीच चिंता नव्हती. आपण गेल्यावर तो शनिवार कोण चालवणार, एवढीच तिची काळजी होती. औषधं, पैसा, मागे राहिलेलं सामान, यातलं काहीही विचारलं तर ती "होईन तसं होईन" म्हणायची. शनिवाराचं मात्र तसं नव्हतं.

हा शनिवार काय ते सांगते. कुंदासारखं काम करणाऱ्या लोकांची राज्यात एक संघटना आहे. उन्हाळा संपत आला की ही संघटना पुढच्या वर्षभरातल्या कार्यक्रमांची यादी पाठवते. नव्या लोकांचं ट्रेनिंग कधी, संमेलन कुठे, कुठल्या शाळेत कुठल्या शनिवारी जाऊन मुलांना फॉर्म भरायला मदत करायची. प्रत्येक ओळीपुढे रिकामी जागा असते. ज्याला फुकट काम करायचं असेल त्याने तिथे आपलं नाव घालायचं. लोक फ्रीजवर नातवंडांचे फोटो लावतात, कुंदा ती यादी लावायची. कार्यक्रम झाला की ती ओळ पेन्सिलने खोडायची.

त्या यादीत नदीकाठच्या एका गावातली शाळा होती. आमच्यापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. तिथल्या आया गोदामांत खोकी भरतात, बाप छपरं घालतात. बहुतेक लोक स्पॅनिश बोलणारे, काही गुजराती, आपली मराठी माणसं जवळजवळ नाहीत. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी शाळेची लायब्ररी उघडायची, आठ-दहा कॉम्प्युटर लावायचे आणि येईल त्याचा फॉर्म भरून द्यायचा. ते काम कुंदाने सुरू केलं आणि तीच चालवायची. एडिसनमधली मंडळी तिला म्हणायची, "कुंदाताई, आपल्या मंदिराच्या हॉलमध्ये करा ना हे. आपल्याच मुलांचं भलं होईल." ती म्हणायची, "तुमच्यात गल्लीगल्लीत सीए हाय बाप्पा. तुम्हाले माझी काय गरज?"

तू हे का करतेस, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, हिच्या आयुष्यात काही घडलं असेल, कुणी हिला अशीच मदत केली असेल. ती म्हणाली, "मले येते म्हणून." मी वाट पाहिली. पुढे काही नव्हतं.

मला तिनेच त्यात ओढलं. "घरी बसून काय करून राहिल्या काकू? शनिवारी चला माझ्यासंगं."

"मी चौथी शिकलेली बाई. मला इंग्रजी येत नाही."

"नंबराच्या चिठ्ठ्या वाटायच्या हायत. त्याले इंग्रजी कशाले लागते?"

मी गेले. गळ्यात निळ्या दोरीचा बिल्ला घातला, त्यावर माझं नाव. लायब्ररीच्या दाराशी खुर्ची टाकून मी येईल त्याच्या हातात नंबर द्यायचे आणि कुठे बसायचं ते हाताने दाखवायचे. पुढची सगळी वर्षं मी ते केलं. एकदाही चुकवलं नाही.

कुंदाची काम करायची रीत ठरलेली होती. आईबाप कॉम्प्युटरसमोर बसले आणि मूल मागे फोन बघत उभं राहिलं, की ती दोघांना उठवायची. मुलाला पुढे बसवायची, बापाला मागे उभं करायची. "ज्याचं कॉलेज त्याचा हात," म्हणायची. आपले लोक तर याबाबतीत फार वाईट. मुलीचा फॉर्म बापच भरतो, तिच्या जन्मतारखेच्या जागी स्वतःची टाकतो, आणि अठरा वर्षांची पोरगी सरकारी कागदावर एकदम पन्नास वर्षांची होते. असा एक गुजराती बाप आला होता. कुंदा त्याला म्हणाली, "भाई, तुम्ही कॉलेजला चालला का? मग दप्तर कुठं हाय?" तो रागावला. त्याची मुलगी मात्र इतकी हसली की शेवटी त्यालाही हसावं लागलं.

आता तिचा दोष सांगते. मेलेल्या माणसाचे दोष सांगू नयेत म्हणतात, पण मग अर्धंच माणूस सांगितल्यासारखं होतं. कुंदाला दुसऱ्याचं काम बघवत नसे. मदतीला लोक यायचे, नाही असं नाही. दुसऱ्या कॉलेजांतले तिच्यासारखेच नोकरी करणारे यायचे, शिकायला आलेली पुण्या-नागपूरची मुलं यायची. कुंदा त्यांना एक कॉम्प्युटर द्यायची. पाच मिनिटांनी मागे जाऊन उभी राहायची. दहा मिनिटांनी तिचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे. "द्या इकडं, मी करते." की संपलं. तो माणूस उठून डोनट खायला जायचा. दुपारपर्यंत पाच-सहा जण टेबलाभोवती डोनट खात उभे आणि कुंदा एकटी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पळतेय, असं चित्र असायचं. पुढल्या वर्षी त्यातलं कुणी यायचं नाही. संघटनेच्या ट्रेनिंगमध्ये म्हणे ती नव्या लोकांना फार छान शिकवायची. खरा फॉर्म समोर आला की सगळं विसरायची.

मी गाडीत तिला हे सांगितलं. "तुझ्यामुळे लोक पळतात."

"चूक झाली तर त्या पोट्टीचं वर्ष जाईल काकू. माणूस जेवायला बसवायचं अन् ताटात खडे वाढायचे काय?"

"मग तू मेल्यावर कोण वाढणार?"

"तोवर बघू."

त्या वेळी ते मी रागाने म्हटलं होतं. खरं व्हावं म्हणून नाही.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलो होतो. ती भेंडी निवडत होती. एकेक भेंडीचा शेंडा मोडून बघायची तिची सवय. दुकानातला माणूस लांबूनच ओरडला, "आंटी, तोडो मत." तिने हात वर केला आणि मला म्हणाली, "काकू, पोटात गाठ निघाली. वाईटातली हाय." मग पुढची भेंडी उचलली आणि मोडली.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"पुढल्या दिवाळीचं नका विचारू म्हणतात."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

ऑगस्टमध्ये संघटनेची यादी आली. शनिवाराच्या ओळीपुढे कुंदाचं नाव होतंच. पण पुढच्या वर्षीसाठी दुसरं नाव लागणार होतं. संघटनेचा नियम असा, की ज्या शाळेला कॉलेजच्या मदत-कचेरीत काम करणारा एक तरी माणूस जबाबदार नाही, ती शाळा यादीतून जाते. माझ्यासारख्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या पन्नास बायका असल्या तरी चालत नाही. कुंदाने सगळ्यांना ईमेल केले. लोकांनी छान उत्तरं दिली. प्रार्थना करतो म्हणाले, फुलं पाठवली. नाव कुणी घातलं नाही.

"डेनिस होती," ती एकदा म्हणाली. "ती करू शकते. डोकं हाय तिले." डेनिस तिच्याच कचेरीतली, तिशीतली काळी मुलगी, लहान बाळाची आई. कुंदानेच तिला तयार केलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती शनिवारी आलीही होती. तेव्हा कुंदाने एका मुलाच्या आईसमोर डेनिसच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला होता. ते मी पाहिलं होतं. डेनिस त्यानंतर आली नव्हती.

"तिची माफी माग," मी म्हटलं.

"कशाची?"

"तुला माहीत आहे."

ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. औषधाने तोंड कडू झालं होतं म्हणून लिंबाची फोड चोखत होती. ती फोड चोखून संपवली. मग फोन उचलला, डेनिसला लावला आणि टेबलावर ठेवला, मलाही ऐकू यावं म्हणून. म्हणाली, त्या दिवशी तुझ्या हातातून काम घेतलं ते मी चुकले. एवढं इंग्रजी मला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं. पलीकडे बाळ रडत होतं. मग डेनिस म्हणाली, "मी येईन. पण तू कीबोर्डला हात लावायचा नाहीस."

"ओके," कुंदा म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, "ऐकलं काय, कालची पोरगी मले अटी घालून राहिली." पण त्या दिवशी ती माझ्याकडे पोटभर जेवली. आजारपणात तसं जेवलेली मी तिला पुन्हा पाहिली नाही.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी शिरीषने आम्हाला नेलं-आणलं. तिला गाडीतून उतरायलाही माझा हात लागला. लायब्ररीत डेनिसच्या मागे तिला एक खुर्ची दिली. ती बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मला वाटलं थंडी वाजते. थंडी नव्हती.

पहिलीच एक मुलगी आली, बरोबर एक बाई. मुलगी अगदी हळू बोलणारी. डेनिसने तिला पुढे बसवलं, बाईला मागे. एकेक प्रश्न विचारत भरायला लावलं. आईबापांची माहिती आली तिथे बाईने आपली सगळी माहिती सांगितली, मुलीने भरली. मी दारात होते, मला कुंदाचं तोंड दिसत होतं. ती त्या बाईकडे बघत होती, मग मुलीकडे, मग पुन्हा बाईकडे. तिचा एक पाय हलायला लागला. हात मात्र तिने काढले नाहीत. तोंडही उघडलं नाही. माझ्यापुढे रांग वाढत होती आणि मी चिठ्ठ्या द्यायच्या विसरून तिच्या पायाकडे बघत होते.

सगळं भरून झालं. सही करायची वेळ आली तेव्हा डेनिसने सहज विचारलं, "तुम्ही हिच्या आईच ना?"

बाई म्हणाली, "मावशी."

आपल्यात माय मरो मावशी उरो म्हणतात. त्या फॉर्मला ही म्हण माहीत नाही. जिने जन्म दिला नाही आणि कायद्याने दत्तकही घेतलं नाही, ती कितीही वाढवो, ती आईच्या जागी चालत नाही. त्या मुलीची आई तिकडे त्यांच्या देशात वारली होती, बापाचा पत्ता नव्हता. डेनिसने कपाळाला हात लावला. मग तिने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. मुलीला सगळं सांगितलं, कॉलेजला कुठला कागद न्यायचा, काय म्हणायचं, ते लिहून दिलं. पाऊण तास गेला. उठताना त्या मावशीने डेनिसचे दोन्ही हात धरले. कुंदाकडे तिने पाहिलंही नाही. ती कशाला पाहील? तिच्या दृष्टीने कुंदा म्हणजे मागे बसलेली एक आजारी बाई.

परत येताना मी विचारलं, "तुला कळलं होतं?"

"पहिल्याच मिनिटाले. पोट्टी तिले नावानं हाक मारून राहिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"आता डेनिस जन्मात विसरणार नाही. मी सांगतलं असतं तर सोमवारपर्यंत विसरली असती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "हाताले मुंग्या आल्या काकू. जरा चोळा ना." मी तिचे हात चोळले. त्यात हाडं तेवढी राहिली होती.

डेनिसने पुढच्या वर्षीसाठी नाव दिलं. संघटनेकडून तसा ईमेल आला तो कुंदाने मला दोनदा वाचून दाखवला.

जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. मी रोज डबा न्यायचे. एकदा तिने त्यांच्या नागपूरकडचा गोळाभात मागितला. मी मूळची कराडची, मला तो तिच्यासारखा येत नाही, तरी केला. दोन घास खाऊन म्हणाली, "तुमच्याकडं तिखट म्हणजे गोडच असते." पुढे तेही जाईना. नर्स यायची, सुई लावून जायची. शुद्धीवर असली की बोलायची ते डेनिसला काय काय सांगायचं राहिलं तेच. शाळेच्या लायब्ररीची किल्ली कुणाकडे असते. कुठला कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. मी लिहून घ्यायचे, मराठीत, माझ्या अक्षरात, आणि सायली ते डेनिसला इंग्रजीत पाठवायची. एकदा मी म्हटलं, "पुरे झालं आता, पड." ती म्हणाली, "पडलेलीच हाय ना काकू. अजून किती पडू?"

फेब्रुवारीत एका सकाळी ती गेली. मी तिथेच होते. मी रडले नाही. तिची चादर नीट केली आणि नर्सला बोलावलं. शनिवार मार्गी लागला म्हणून ती निश्चिंत गेली, हे खरं आहे. मला त्याचंच बरं वाटत होतं. अंत्यसंस्काराला संघटनेचे काही लोक आले होते, काळे कपडे घालून. वसंतातल्या संमेलनात सगळ्यांनी उभं राहून तिच्यासाठी एक मिनिट शांतता पाळली, असं डेनिसने कळवलं. चांगलं केलं. शांतता पाळायला एक मिनिट लागतं, शनिवाराला सकाळ जाते.

या ऑगस्टमध्ये डेनिसचा फोन आला. सायलीने तो मला समजावून सांगितला. डेनिसच्या नवऱ्याला व्हर्जिनियात, ॲशबर्नला, नोकरी लागली होती. तिकडे म्हणे कॉम्प्युटरची मोठमोठी गोदामं आहेत, तिथे. घर बघून झालं होतं, बाळाची शाळा ठरली होती. तिने आपल्या जागी कुणी मिळतंय का, सगळीकडे विचारलं होतं. कचेऱ्यांत माणसं कमी झालीत, जे आहेत त्यांना आपापल्या शाळा सांभाळता येत नाहीत. ती फोनवर रडत होती. मी सायलीला म्हटलं, "तिला सांग, रडू नकोस. तुझा संसार आहे." मला तिचा राग आला होता का? आला होता. पण तिच्यावर काढण्यासारखा तो नव्हता. नऊ वर्षं ज्यांच्या हातातून कुंदाने काम काढून घेतलं ते सगळे मला आठवत होते. एका शनिवारी एका माणसाला शिकवून ती भरपाई व्हायची नव्हती. हे कुंदाला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. मरणाऱ्या माणसाला काय विचारायचं नाही एवढं मलाही कळतं.

यादी आली. सायलीने फोनवर मला ती वरून खालपर्यंत दाखवली. आमची शाळा नव्हती. सायलीने संघटनेत फोन केला. तिकडची बाई गोड बोलली. दुसऱ्या एका शाळेत त्याच दिवशी कार्यक्रम आहे, कुटुंबांनी तिकडे जावं म्हणाली. तिकडे म्हणजे दोन बसा बदलून. शाळेने आपल्या वेबसाइटवर तसं घातलं होतं. पण त्या गावात वेबसाइट बघून कोण आलं होतं? आले ते एकमेकांना विचारत आले होते, आणि नोव्हेंबरातला दुसरा शनिवार त्यांना तोंडपाठ होता.

"मला त्या शनिवारी तिथे सोड," मी सायलीला म्हटलं.

"आजी, देअर इज नो वन देअर. लायब्ररी बंद आहे."

"म्हणूनच सोड."

त्या शनिवारी ती नुसतं सोडायला म्हणून निघाली आणि मग माझ्याबरोबर थांबली. तिने दुसऱ्या शाळेचा पत्ता आणि बसचे नंबर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये कागदांवर छापून आणले होते. मी तिला सांगितलेलं नव्हतं. दार बंद होतं. मी घरून नेलेली घडीची खुर्ची दारासमोर टाकली आणि बसले. वारा बोचत होता. सायली म्हणाली, दोघातिघांचे फॉर्म मी माझ्या लॅपटॉपवर भरून देऊ का? मी म्हटलं नको. तिला ते काम येत नाही, आणि मुलांचं वर्ष असतं ते.

नऊ वाजायच्या आधीच एक बाप आणि मुलगा आले. मुलाच्या हातात फाइल होती. मी कागद पुढे केला. "नॉट हिअर. हिअर," म्हणून पत्त्यावर बोट ठेवलं. बापाने बंद दाराकडे पाहिलं, मग दार एकदा ओढून बघितलं. प्रत्येकाने तसंच केलं. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. इतक्या सकाळी इतक्या लांब आलेला माणूस दार ओढून बघणारच. काहींनी कुंदाचं नाव घेतलं. "मिस कुंदा?" विचारायचे. मी वर बोट करायचे. एक बाई ते समजली आणि तिने छातीवर क्रूस काढला. बाकीच्यांना वाटलं असेल, ती वरच्या मजल्यावर आहे.

बारापर्यंत मी एकोणीस कुटुंबांना कागद दिले. दोघा-तिघांकडे गाडी होती. बाकीचे बस स्टॉपकडे गेले. काही जण स्टॉपवर न थांबता सरळ घराकडे वळले, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. त्या एकोणिसांतले किती तिकडे पोचले, मला माहीत नाही.